केस गळतात कीं तुटतात?

गेल्या श्रावणांत आमच्या सूनबाईची वेणी हा घरांतील चर्चेचा विषय होऊन बसला होता. लग्नांत कमरेपर्यंत रुळणारी ती वेणी चार वर्षांत खांद्याखालीं वीतभर उरली. "केस फार जाताहेत, मामंजी," एवढेंच ती म्हणे. मीं माझ्या परीनें उपचार केला. म्हणजे बाजारांतून तेलाच्या दोन महागड्या बाटल्या आणून दिल्या आणि वर काळजी न करण्याविषयीं उपदेशही केला. जन्मभर मुलांना 'आधीं निरीक्षण, मग अनुमान' असें शिकविलेल्या मास्तरानें निरीक्षण मात्र केलें नव्हतें.

तें एका रविवारीं घडलें. तिच्या फणींतले केस कागदावर पसरले आणि नातवाचें भिंग मागून घेतलें. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोंकास बारीक पांढरट गांठ असते. असे पन्नास ते शंभर केस दिवसाकांठीं कोणाचेही जातात व त्यांच्या जागीं नवे येतात. येथें गांठ असलेले केस होतेच. पण दोन्ही टोंकें बोडकीं असलेले बोटभर तुकडे त्यांच्या कितीतरी पट. केस गळण्यापेक्षां तुटत अधिक होते.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला खाऊं घालतां येत नाहीं आणि त्याचें फाटलेलें टोंक कोणत्याही तेलानें सांधत नाहीं. केस महिन्यास सुमारें १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ७० सेंटीमीटर वेणीचें टोंक जवळजवळ सहा वर्षांचें जुनें! सहा वर्षांचें धोतर आपण ज्या हातानें पिळतों, त्याच हातानें तें हाताळलें पाहिजे. उलट मुळाशीं आज घडत असलेला केस बळकट व्हावयाचा तर तेथें अन्नच पोंचावें लागतें.

आधीं हाताळणीचें पाहूं. सूनबाई पहांटे न्हाऊन ओले केस पंचानें झटकी, लगेच बारीक फणी मुळापासून ओढी आणि ओलाच अंबाडा घट्ट बांधून साडेसहाची गाडी गांठी. ओला केस फुगलेला व ढिला असतो. ओढला कीं ताणतो आणि तुटतो. आतां ती आदल्या संध्याकाळीं न्हाते, पंचा नुसता दाबून धरते, आणि केस बहुतेक सुकल्यावर रुंद दात्यांच्या कंगव्यानें आधीं टोंकाचा गुंता, मग मधला, मग मुळाकडचा असा सोडविते. न्हाण्यापूर्वीं तासभर साधें खोबरेल लावते. याला आजीबाईचा बटवा म्हणून हसूं नये. २००३ सालीं मुंबईच्या संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तींत केसांतील प्रथिनांचा क्षय एकट्या खोबरेलानें कमी झाला, कारण तें केसाच्या आंत शिरतें. माझ्या त्या महागड्या बाटल्यांवरील बारीक अक्षरें पुढें चष्मा लावून वाचलीं, तों आंत मुख्यतः खनिज तेलच!

आतां अन्नाचें, आणि येथें मला मान खालीं घालून लिहावें लागतें. चरकांत केस हा अस्थिधातूचा मल म्हटला आहे. आजचें शरीरशास्त्र निराळ्या वाटेनें जातें; पण अन्न तोकडें पडलें असतां हृदय, मेंदू यांची गरज आधीं भागते व केसांच्या वाट्यास उरलेंसुरलें येतें, हें तेंही सांगतें. आमच्या घरीं सूनबाई जेवी ती सर्वांच्या मागून. तोंवर वरण तळाशीं गेलेलें, उसळ संपलेली. उरे तो भात, लोणचें आणि ताक. त्यांत श्रावणांतले उपवास, आणि फराळाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. केस घडतो तो केरॅटिन नांवाच्या प्रथिनाचा. तें साबुदाण्यांतून कोठून यावें? ती जिना चढतांना दमे, त्याला आम्हीं 'नाजूक प्रकृति' असें नांव ठेवून मोकळे झालों होतों. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, तों लोह बरेंच कमी.

त्यांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. घरीं आम्हीं रोज वाटीभर मोडाची मटकी वा मूग सुरू केले, वर लिंबू पिळून, कारण त्यानें वनस्पतींतलें लोह अंगीं लागतें. जेवणावर लगोलग चहा बंद केला. तो लोह अडवितो. उपवासाला राजगिरा, दाण्याची आमटी आणि दही. थंडींत हळिवाचे लाडू केले. ते बाळंतिणीपुरतेच राखून ठेवण्याचें कारण मला तरी दिसत नाहीं. मात्र केस एकाएकीं झपाट्यानें जात असतील वा डोक्यावर चाई दिसत असेल, तर स्वयंपाकघरांत प्रयोग करीत बसूं नये, डॉक्टरांकडे जावें. थायरॉईड ग्रंथीच्या विकारानेंही केस कोरडे व ठिसूळ होतात.

सर्वांत अवघड गेलें तें पंगतीचा क्रम बदलणें. "सुनेनें आधीं जेवायचें होय?" असें म्हणून आमच्या सौभाग्यवतींनीं आठ दिवस अबोला धरला. "आधीं नव्हे, बरोबर," एवढेंच मीं म्हटलें आणि स्वतः वाढावयास उभा राहिलों. हातून पहिल्या दिवशीं आमटी सांडली, तेव्हां अबोला सुटला.

वेणीचीं फाटलेलीं टोंकें चार बोटें कापलीं, तेव्हां सूनबाई हळहळली. माघांत पुन्हा फणी पाहिली. बोडके तुकडे अकरा निघाले. नातू मात्र अद्याप भिंग परत मागतो आहे.