मातीचा ताळेबंद तीन वर्षांत लागत नाही

मानवतची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. तो कापूस पिकवणाऱ्या काळ्या मातीचा जमाखर्च मात्र कोणी ठेवला नाही. ज्वारी मागे पडली, तिच्यासोबत कडबा गेला, कडब्यासोबत बैल आणि बैलांसोबत शेणखत. त्यांची जागा युरियाच्या पोत्याने घेतली. आता ‘जमीन थकली’ म्हणून सारेच हळहळतात आणि हळहळ ओसरण्यापूर्वीच नवी योजना जाहीर होते. तीन वर्षांची, उद्घाटनासह!

माती म्हणजे असंख्य जीवाणू, बुरशी आणि गांडुळे यांचे नांदते घर. ते मोडायला दशके लागली. पुन्हा वसायलाही दशके लागणार. कोणता उपाय टिकतो, हे दीर्घकाळ ठेवलेली नोंदच सांगते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे गव्हाच्या एकाच शेतात १८४३ पासून असा प्रयोग चालू आहे. तो आरंभणारे जॉन लॉज स्वतः रासायनिक खताचे कारखानदार. तरीही तुलनेसाठी त्यांनी पहिल्या वर्षापासून एका पट्ट्यात केवळ शेणखत घातले. आमच्या खत-धुरीणांना एवढा प्रामाणिकपणा पेलेल?

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये हेच काम देशभर हाती घेतले. परभणीच्या कृषी विद्यापीठात सोयाबीन-करडईवर हा प्रयोग २००६-०७ मध्ये सुरू झाला. देशभरच्या अशा प्रयोगांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: नुसत्या नत्रावर उत्पादन ढासळते, संतुलित खतांना शेणखताची जोड मिळाली, तर उत्पादन टिकते आणि सेंद्रिय कर्ब सुधारतो. पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनीत तर केवळ नत्र दिलेल्या वाफ्यांत पीक येणेच थांबले. आपली काळी जमीन वेगळी, म्हणूनच तिचा स्वतंत्र अभ्यास हवा. दोन हंगामांत यातले काहीच कळले नसते.

तरीही २०१० मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला आणि स्वस्तच राहिला. पुढे सत्ता बदलली. ही खोट तशीच राहिली. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली, हे स्वागतार्हच. पण ती एका दिवसाची नाडी. रोग कुठे चालला आहे, हे तीवरून कसे कळणार?

थोडे आपल्याच मंडळींविषयी. ‘कृषिपराशर’ या ग्रंथात शेणखत सिद्ध करण्याचा विधी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग गोमातेचा जयजयकार करणाऱ्या किती गोशाळांनी आपले शेणखत कोणत्या शेतात गेले आणि तिथला कर्ब किती वाढला, हे दहा वर्षे लिहून ठेवले? पूर्वजांच्या ज्ञानामागे पिढ्यांचे निरीक्षण होते. आपल्याकडे केवळ भाषणे उरली आहेत.

मानवत तालुक्यातील एखाद्या गोशाळेने विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखाली एक एकर वीस वर्षांसाठी नोंदींना द्यावा. आणि शासनाला थेट प्रश्न: परभणीचा प्रयोग पुढील तीस वर्षे निधीअभावी एक हंगामही खंडित होणार नाही, अशी लेखी हमी कृषिमंत्री देणार आहेत काय?