झटपट जेवणाचा हिशेब

दहा मिनिटांत होणाऱ्या पदार्थांच्या कृती आज जितक्या छापल्या, सांगितल्या आणि दाखवल्या जातात, तितक्या पूर्वी कधीच जात नव्हत्या. गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला. शीतकपाटही मध्यमवर्गीय घरात रुळून जुने झाले. तरीही आठाची लोकल गाठणारी कारकून स्त्री पहाटे पाचालाच उठते, आणि सकाळच्या शाळेतील शिक्षिकेचा चहा घरच्यांचे डबे भरून होईपर्यंत ओट्यावर गार होतो. यंत्रांनी वाचवलेला हा वेळ गेला कोठे, याचा विचार पाककृती सांगणारे सहसा करीत नाहीत.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशातील माणसांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरातील बिनपगारी कामे ८१ टक्के स्त्रिया करतात आणि २६ टक्के पुरुष करतात, असे तीत आढळले. ही कामे करणाऱ्यांपैकी स्त्रियांची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यांत जातात, पुरुषांची ९७. पुढची पाहणी २०२४ साली झाली तेव्हा हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले होते. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली. पण जी कामे करतात त्या पुरुषांचीही नऊ वाचली! स्वयंपाकाबरोबर धुणे, केर, बाजारहाट ही कामेही या मिनिटांत मोडतात हे खरे. परंतु टाळता न येणारे आणि घड्याळाशी बांधलेले काम त्यांत स्वयंपाकाचेच असते. धुणे रविवारवर ढकलता येते, जेवण ढकलता येत नाही.

झटपट जेवण हा आधुनिक काळाचा शोध आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. मेतकूट-भात, दही-पोहे, पिठले-भात आणि थालीपीठ ही महाराष्ट्राची जुनी झटपट जेवणेच होत. अवेळी पाहुणा आला तर पिठले रटरटायला कितीसा वेळ लागतो? मात्र या चटकन होण्यामागे बरीच पूर्वतयारी असे. थालीपीठ पंधरा मिनिटांत होते, कारण त्याची भाजणी कोणीतरी आधी करून ठेवलेली असते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने हे सारे वेगवेगळे भाजून, दळून तिने डबा भरून ठेवलेला असतो. पापड, कुरडया, सांडगे, लोणची ही उन्हाळ्यातील बेगमी म्हणजे साठवून ठेवलेला वेळच होता. तो घरातील चार बायकांनी मिळून गच्चीवर आणि अंगणात साठवला होता. श्रम नाहीसे झाले नव्हते. ते वैशाखात केले जात आणि आषाढात उपयोगी पडत.

आता एकत्र कुटुंब राहिले नाही, अंगण राहिले नाही, आणि सुट्टीतील ते आठ दिवसही राहिले नाहीत. अपेक्षा मात्र तशाच राहिल्या. पोळी ताजी हवी, भाजी सकाळची संध्याकाळी नको, आमटीशिवाय जेवण पुरे वाटत नाही. चार बायकांचे काम एका बाईवर आले आणि ती बाई नोकरीलाही जाऊ लागली. ही कोंडी बाजाराने आपल्या परीने ओळखली. दोन मिनिटांच्या शेवया १९८३ मध्ये भारतात आल्या आणि वसतिगृहांपासून स्वयंपाकघरांपर्यंत सर्वत्र पोचल्या. त्यांनी भूक भागते. रोजचे जेवण म्हणून मात्र त्या पुऱ्या पडत नाहीत. अति प्रक्रिया केलेले आणि मीठ, साखर व चरबी जास्त असलेले पदार्थ मर्यादित ठेवा, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात स्पष्टपणे सांगितले आहे.

दुसरी वाट अधिक भल्याची आहे. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. आज गावोगावचे बचतगट भाजणी आणि मेतकूट विकतात, आणि शहरांत पोळी-भाजी केंद्रे चालतात. घरात ज्या श्रमाचे मोल कोणी मोजत नव्हते, त्याला येथे किंमत मिळते. विकतची पोळी आणणारी गृहिणी आळशी ठरत नाही. ती दुसऱ्या स्त्रीच्या कष्टाचे पैसे चुकते करीत असते.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण रोज विकत आणणे कारकुनाच्या पगाराला परवडणारे नाही. त्यासाठी जेवणाची कल्पनाच थोडी साधी करावी लागेल. तांदूळ आणि मुगाच्या डाळीची खिचडी कुकरमध्ये वीस मिनिटांत होते. धान्याच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीतले धान्य. तीत गाजर, मटार, पालक घातला आणि शेजारी ताकाची वाटी ठेवली, की जेवणात विशेष काही उणे राहत नाही. आठवड्यातील चार रात्री असा एकच पदार्थ ताटात आला, तर गृहिणीचे प्रेम आटले असे मानण्याचे कारण नाही. यामुळे संस्कृती बुडेल, ही भीतीही अनाठायी आहे. सणाची पुरणपोळी सणाला राहीलच. ती रोजच्या थकव्याचे ओझे न घेता झाली, तर अधिक गोडीने खाल्ली जाईल.

अखेर प्रश्न येतो तो हातांचा. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात येणारे किती तरी तरुण मेसच्या डब्यावर आणि वडापाववर दिवस काढतात, कारण वरण-भात लावणे त्यांना घरी कोणी शिकवलेच नाही. आईने आग्रहाने वाढले, बहिणीला शिकवले आणि मुलाला अभ्यासाला बसवले. शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला मुलांनाही कुकर लावणे, डाळ शिजवणे आणि भाजी चिरणे शिकवता येईल. त्यासाठी नवे अनुदान लागणार नाही. जुन्या समजुती तेवढ्या सोडाव्या लागतील. वीस मिनिटांची खिचडी घरातील दोघांनाही येऊ लागली, तर वाचलेला वेळ त्या बाईच्या वाट्याला येईल आणि तिचा चहा निदान गार होणार नाही. तोवर पाककृतीतील मिनिटे कितीही घटवली, तरी पहाटे पाचाला उठणारी व्यक्ती बदलणार नाही.