फ्रेंच–फिनिश दुभाषी: ऑनलाइन व्यापारासाठी शोध आणि निवड

फ्रेंच आणि फिनिश या दोन्ही भाषांत व्यापारी बोलणी पेलणारे दुभाषी मोजकेच असतात. फ्रेंच रोमान्स गटातली, फिनिश युरालिक कुळातली; एकीचा अभ्यास दुसरीच्या फारसा कामी येत नाही. फिनिश मातृभाषा असलेले लोक जेमतेम पन्नास लाख आहेत आणि दोन देशांतल्या कंपन्या बहुतेकदा इंग्रजीवर भागवतात. अशा दुर्मीळ जोडीत ऑनलाइन व्यापाराचा जाणकारही हवा म्हटले, की शोध पद्धतशीरच करावा लागतो.

आधी कामाचे स्वरूप ठरवावे. संकेतस्थळाचा मजकूर आणि विक्रीच्या अटी हे अनुवादकाचे काम. कराराची बोलणी, गोदामाची पाहणी, व्हिडिओ बैठक हे दुभाष्याचे. छोट्या बैठकीत वक्ता थांबल्यावर बोलणारा एक दुभाषी पुरतो. वक्त्याच्या बरोबरीने बोलायचे असेल, तर दोघे लागतात आणि ते साधारण अर्ध्या तासाने आळीपाळीने काम करतात.

शोधाची सुरुवात व्यावसायिक संघटनांच्या सूचींपासून करावी. १९५३ साली स्थापन झालेली ‘एआयआयसी’ ही परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, फिनलंडमधील ‘एसकेटीएल’ (१९५५) आणि फ्रान्समधील ‘एसएफटी’ (१९४७) हे तीन मुख्य आधार. फ्रान्सच्या अपील न्यायालयांच्या तज्ज्ञ-यादीतही भाषेनुसार नावे सापडतात. फिनिश १९९५ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा असल्याने संघाच्या संस्थांसाठी काम करणारे स्वतंत्र दुभाषीही या जोडीत मिळू शकतात.

नाव मिळाल्यावर भाषांची दिशा तपासावी. ‘एआयआयसी’च्या वर्गवारीत ‘ए’ म्हणजे मातृभाषा, ‘बी’ म्हणजे जिच्यात बोलून दाखवता येते ती दुसरी भाषा आणि ‘सी’ म्हणजे जी केवळ ऐकून समजते ती. वाटाघाटी दोन्ही बाजूंनी चालतात. तेथे एक भाषा ‘ए’ आणि दुसरी किमान ‘बी’ हवीच. ‘सी’वर भागवणे म्हणजे अर्धी बैठक मुकी ठेवणे.

त्यानंतर विषयाची परीक्षा. माल परत घेण्याची १४ दिवसांची मुदत, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे २०१८ पासून लागू झालेले नियम, ऑनलाइन पैसे भरताना होणारी दुहेरी ओळखपडताळणी, सीमापार विक्रीवरील व्हॅट: या गोष्टी दुभाष्याला दोन्ही भाषांत अडखळल्याविना सांगता आल्या पाहिजेत. फ्रान्समध्ये व्हॅटचा सर्वसाधारण दर २० टक्के, तर फिनलंडमध्ये सप्टेंबर २०२४ पासून २५.५ टक्के आहे. अशा दशांशातली एक चूकही किमतीचा सगळा हिशेब बिघडवते. म्हणून चाचणीत आकडे भरपूर असलेला उतारा द्यावा.

थेट जोडी मिळालीच नाही, तर एकाने फिनिशमधून इंग्रजीत आणि दुसऱ्याने इंग्रजीतून फ्रेंचमध्ये आणण्याचा मार्ग उरतो. युरोपीय संस्थांत तो रुळलेला आहे. मात्र त्यात वेळ अधिक जातो आणि पहिल्याची चूक दुसऱ्याच्या तोंडूनही बाहेर पडते.

भाषेत पक्का, पण विषयात नवखा दुभाषी तयारीने उभा राहतो. विषयात मुरलेला, पण भाषेत कच्चा माणूस ऐन बैठकीत सावरता येत नाही. त्यामुळे निवडीत भाषेला पहिला मान द्यावा आणि विषयाच्या तयारीची जबाबदारी ग्राहकाने वाटून घ्यावी. कराराचा मसुदा, दरपत्रक, उत्पादनांची नावे आणि मागील बैठकीचे टिपण गोपनीयतेच्या करारासह किमान आठवडाभर आधी दुभाष्याच्या हाती पडायला हवे. शुल्क, प्रवासखर्च आणि बैठक रद्द झाल्यास द्यायची रक्कमही त्याच वेळी लेखी ठरवावी.