सायलेन्सरच्या गोंगाटाचा हिशेब

मुंबई-गोवा महामार्गावरील लांज्यासारख्या तालुक्याच्या गावाला वाहनांचा आवाज नवा नाही. मालमोटारी, एस.टी. गाड्या आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या मोटारी यांची गावाला सवय झालेली आहे. परंतु मोठ्या इंजिनाच्या स्कूटरचा मूळ सायलेन्सर काढून त्या जागी हलका, पोकळ सायलेन्सर बसविण्याची जी हौस शहरांतून गावोगाव पोहोचली आहे, तिची बोळवण तरुणांचा उच्छृंखलपणा म्हणून करून भागणार नाही.

वजन घटते व वेग वाढतो, असे या बदलाचे समर्थन केले जाते. दोन-तीन किलो वजन घटतही असेल. पण मागे मित्राला बसविले की तो लाभ तिथेच संपतो. वेगाचे म्हणणे तर अधिकच लंगडे आहे. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यापासून नव्या दुचाकीत इंधनाचे प्रमाण इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरविते आणि विषारी वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक धुराच्या नळीतच असतो. सबंध नळी बदलली की तो उत्प्रेरकही जातो. इंजिनाची जुळणी मूळ नळी गृहीत धरून केलेली असल्यामुळे कमी वेगातली ओढ घटण्याचाच संभव. आणि कोकणातल्या चढणीवर नेमकी तीच लागते. हमखास वाढतो तो आवाज. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची दहापट तीव्रता. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

एकाच्या हौसेचा खर्च दुसऱ्यावर पडतो, तेव्हा तो कर लावून मूळ धन्याकडून वसूल करावा, असा विचार आर्थर पिगू यांनी १९२० साली मांडला. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये त्याला हरकत घेतली. मिठाईवाल्याच्या खलबत्त्याच्या आवाजाने शेजारच्या डॉक्टरला त्रास होत असल्याच्या १८७९ सालच्या इंग्लंडमधील खटल्याचा दाखला देऊन, असे दोघे आपसांत सौदा करू शकतात, असे त्यांनी दाखविले. मात्र सौदा करण्याचा खर्च नगण्य असला पाहिजे. स्कूटरस्वार मिनिटभरात शंभर घरांसमोरून निघून जातो. कोणी कोणाशी सौदा करावयाचा? परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी की तापाने फणफणलेला म्हातारा?

म्हणूनच कायदा लागतो, आणि तो आहेही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शहरांतून जप्त सायलेन्सरांवर रोलर फिरविल्याची छायाचित्रेही छापून येतात. पण लग्नाच्या वरातीतला डीजे निमूटपणे सोसणाऱ्या वडीलधाऱ्यांना तरुणांनी उलट प्रश्न केला, तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. शिवाय कोकणच्या पावसात पत्र्याचा सायलेन्सर गंजतो, मूळ कंपनीचा महाग पडतो आणि काही जण निव्वळ काटकसरीपोटी स्वस्त मालाकडे वळतात. त्यांना शांत व मानकांत बसणारा स्वस्त पर्याय मिळाला, तर ते तो घेतीलच. रोलरखाली मात्र स्वाराकडून काढून घेतलेला सायलेन्सर जातो. तसाच दुसरा दुकानाच्या फळीवर गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो.