उराकामीची दुसरी घंटा

९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी जपानमधील नागासाकी शहरात उराकामी कॅथेड्रलच्या दोन्ही घंटा एकत्र निनादल्या. ८० वर्षांपूर्वी, याच घटकेस, अणुबॉम्बने त्यांपैकी एक घंटा नष्ट केली होती. तिच्या जागी आलेली नवी घंटा ही अमेरिकेतील कॅथोलिक भाविकांची भेट आहे.

नागासाकी आपणांस परके नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच शहरात क्रुसावर हौतात्म्य लाभले. पुढे दोन शतकांहून अधिक काळ, धर्मगुरूंविना आणि छळ सोसून, उराकामीच्या भाविकांनी श्रद्धा गुप्तपणे जपली. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर त्यांच्याच कष्टांतून हे कॅथेड्रल उभे राहिले.

१९४५ मध्ये बॉम्ब तेथून सुमारे ५०० मीटर अंतरावर फुटला. पापनिवेदनासाठी जमलेले भाविक आणि दोन धर्मगुरू जागीच मृत्यू पावले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी अंदाजे ८,५०० दगावले. विमानाचा कप्तान चार्ल्स स्वीनी हाही कॅथोलिकच होता. त्या वैमानिक दलाचे धर्मगुरू फादर जॉर्ज झाबेल्का यांनी, आपण त्या वेळी मौन पाळले याबद्दल, पुढे जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

उराकामीचे डॉ. ताकाशी नागाई यांनी या मृत्यूंकडे देवाला वाहिलेले अर्पण म्हणून पाहिले. शोकाकुलांना त्यातून सांत्वन मिळाले असेल. परंतु त्या विनाशाला ईश्वरी इच्छा म्हणणे आम्हांस मान्य होत नाही. विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा शहर होते. ते धूसर दिसल्यामुळे नागासाकीवर घाला पडला. हा निर्णय माणसांचा होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये हिरोशिमा येथे युद्ध हे मानवाचेच कृत्य असल्याचे बजावले. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१९ मध्ये तेथेच अण्वस्त्रांचा वापरच नव्हे, ती बाळगणेही अनैतिक ठरवले.

आपल्या देशाने १९७४ व १९९८ मध्ये अणुचाचण्या केल्या. २०२१ मध्ये अमलात आलेल्या अण्वस्त्रबंदी करारात भारत सहभागी नाही. सुरक्षिततेची चिंता आम्ही क्षुल्लक मानत नाही. तथापि, संत गोन्सालो यांचा सण साजरा करणाऱ्या आपण या विषयावर आजवर किती वेळा तोंड उघडले? फादर झाबेल्का यांना आपल्या मौनाचा पश्चात्ताप झाला, पण तोवर उराकामी भस्मसात झाले होते. आपल्यापाशी बोलण्यास अद्याप वेळ आहे.