टँकरची वाट पाहण्यापेक्षा ओढा अडवा!



भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. एवढी धरणे आपल्या भोर-वेल्ह्यात (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका). भाटघर तर १९२८ सालचे. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे जाते आणि टंचाईच्या वर्षी आपल्याच डोंगरवस्त्या टँकरकडे डोळे लावून बसतात. कारण धरण खाली, वस्ती वर. पाणी काही आपणहून डोंगर चढत नाही.

पाऊस कमी म्हणावा, तर तेही नाही. हिशेब करून बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी, अर्थात एक मोठा टँकर! आपल्या पश्चिम पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पण उतार तीव्र, खाली कातळ, माती पातळ. पाणी येते तसे धावत निघून जाते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली पिण्याचे पाणी हा मानवी हक्क मानला. जलजीवन मिशनमधून २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने नळयोजना होऊ लागल्या. नळ हवाच. पण विहीर आटली तर नळातून येणार काय?

उपाय आपल्या हातात आहे. भातकापणीच्या सुमारास ओढे वाहते असतात. तेव्हाच वनराई बंधारा घाला. सिमेंटची, खताची रिकामी पोती वाळू-मातीने भरून शिवा आणि विटांसारखी सांधमोड करून रचा. वरच्या अंगाला माती दाबा. जागा अरुंद, काठ पक्के आणि शक्यतो गावच्या विहिरीच्या वरच्या बाजूची पाहा. पाणी विहिरीत पाझरेल, गुरांना मिळेल, हरभऱ्या-वालाला एखादे पाणी होईल. मात्र पहिला हक्क पिण्याचा.

आम्हा खात्यातल्या लोकांचेही चुकते. उद्दिष्ट गाठायला आणि फोटोला सोयीचे म्हणून रस्त्याकडेला बंधारे होतात. जागा गावाने सांगावी, आम्ही ऐकावे.

हिवरे बाजारला आपल्यापेक्षा कितीतरी कमी पाऊस. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरतात. आपल्याला का जमू नये?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढा एकच विषय घ्या: कोणता ओढा, कोणता दिवस, घरटी किती पोती. फेब्रुवारीत ठराव केलात, तर अडवायला ओढ्यात पाणीच नसेल.