शहर उंच की पसरट? आधी जमीन कोणाची ते ठरवा

ऑस्ट्रेलियातील नगररचनेच्या वादात गेली कित्येक दशके दोन पक्ष एकमेकांसमोर उभे आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, शहरांनी आडवे पसरणे थांबवावे आणि रेल्वेस्थानकांच्या आसपास उंच वाढावे. दुसऱ्या पक्षाच्या मते, अंगण-परसू असलेले स्वतंत्र घर ही तेथील सामान्य माणसाने कष्टाने मिळविलेली मिळकत आहे आणि ती हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोन्ही पक्षांजवळ युक्तिवाद आहेत, नकाशे आहेत, तज्ज्ञ आहेत. परंतु या वादाचा इतिहास बारकाईने पाहिला तर असे ध्यानात येते की, उंच की पसरट हा प्रश्न मुळातच दुय्यम आहे. खरा प्रश्न जमिनीची मालकी कोणाची आणि तिची वाढती किंमत कोणाच्या पदरात पडते, हा आहे.

ऑस्ट्रेलिया हा खंडाएवढा देश. लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, आणि त्यांतील दर पाच माणसांपैकी दोन सिडनी व मेलबर्न या दोनच शहरांत राहतात. पर्थ शहराचा पसारा समुद्रकाठाने दीडशे किलोमीटर लांब झाला आहे. अशा देशात घरासाठी जागा नाही, असे म्हणणे हास्यास्पद वाटेल. जागा भरपूर आहे. तुटवडा आहे तो कामाच्या ठिकाणाजवळच्या, रेल्वेजवळच्या, इस्पितळाजवळच्या जागेचा. आणि ही रेल्वे, ही इस्पितळे लोकांच्या पैशांतून उभी राहिलेली असतात. त्यांच्यामुळे जमिनीला आलेले मोल मात्र जमीनमालकाच्या नावे जमा होते.

पसरणाऱ्या शहराचा अनुभव प्रथम पाहू जाता १९४८ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या साली सिडनीसाठी कंबरलँड परगण्याची योजना तयार झाली आणि १९५१ साली तिला कायद्याचे बळ मिळाले. शहराभोवती हरितपट्टा राखावा आणि वाढीला शिस्त लावावी, हा तिचा गाभा होता. दहा वर्षे उलटण्यापूर्वीच या पट्ट्याला भगदाडे पडली. जमीनमालक व बांधकाम व्यावसायिक यांचा दबाव तर होताच. खुद्द सरकारच्या गृहनिर्माण मंडळालाही स्वस्त जमीन हवी होती. १९५९ साली पट्ट्याचा मोठा भाग मोकळा करण्यात आला. नकाशावरचा रंग बदलला आणि काल शेतीच्या भावाने विकली जाणारी जमीन आज भूखंडाच्या भावाने विकली जाऊ लागली. नफा त्याच क्षणी पदरात पडला. भुयारी गटारे, बसगाड्या आणि शाळा मात्र मागाहून, सवडीने आल्या. कामगार कुटुंबाने घर घेतले ते सेप्टिक टँकसह आणि कामावर जाण्यायेण्याच्या लांबलचक प्रवासासह. १९७२ साली गफ व्हिटलम यांचा मजूर पक्ष सत्तेवर आला, तेव्हा उपनगरांतील गटारे हा त्याच्या प्रचारातील एक प्रमुख मुद्दा होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आजही चित्र फारसे पालटलेले नाही. मेलबर्नने २००२ च्या योजनेत नागरी वाढीची सीमारेषा आखली आणि २०१० साली ती सुमारे ४३ हजार हेक्टरांनी पुढे ढकलली. पश्चिमेकडील टार्नेटसारख्या उपनगरांत भारतातून गेलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. तेथे वस्ती आधी वाढली आणि रेल्वेस्थानक २०१५ साली मिळाले. सिडनीच्या पश्चिमेस, समुद्रवाऱ्यापासून दूर असलेल्या पेनरिथ येथे ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. शहराच्या कडेला ढकलल्या गेलेल्या माणसाला केवळ अंतरच नव्हे, तर ऊनही अधिक सोसावे लागते.

मग शहर मध्यभागी दाटीने वाढले तर न्याय होईल काय? या प्रश्नाचे उत्तर सिडनी बंदरालगतच्या ‘द रॉक्स’ या जुन्या वस्तीने देऊन ठेवले आहे. १९७० नंतरच्या वर्षांत ही वस्ती पाडून तेथे उंच कार्यालये उभारण्याचा बेत होता. तो हाणून पाडला बांधकाम मजुरांनी. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनच्या न्यू साउथ वेल्स शाखेने १९७१ ते १९७४ या काळात चाळीसहून अधिक ठिकाणी ‘ग्रीन बॅन’ पुकारले. म्हणजे रहिवाशांच्या मागणीवरून त्या जागी काम करण्यास नकार दिला. मजुराने केवळ मजुरीच्या दरावर न बोलता आपल्या श्रमांतून काय उभे राहावे यावरही बोलावे, हा विचार कामगार चळवळीच्या इतिहासात लक्षणीय ठरला. द रॉक्समधील रहिवाशांना त्यांच्याच परिसरात राहता यावे म्हणून १९८० च्या सुमारास ‘सिरियस’ ही ७९ सदनिकांची सरकारी इमारत उभी राहिली. गरीब माणसे बंदराच्या अगदी काठावर, दाटवस्तीत, सन्मानाने राहू शकतात, याचा तो पुरावा होता.

तो पुरावा टिकू दिला गेला नाही. २०१४ साली राज्य सरकारने मिलर्स पॉइंट व द रॉक्स येथील २९३ सरकारी घरे विकण्याचे जाहीर केले आणि २०१९ साली सिरियस १५ कोटी डॉलरना खाजगी विकासकाला विकली गेली. सरकारचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता : येथील एका घराच्या किमतीत दूरच्या उपनगरात कित्येक घरे बांधता येतील. परंतु या हिशेबातच सारे मर्म आहे. मोक्याची जमीन धनिकांसाठी मोकळी करायची आणि तेथील माणसाची सोय शहराच्या कडेला करायची, म्हणजे दाट मध्य आणि पसरट कडा या एकाच नाण्याच्या दोन बाजू झाल्या.

दाटवस्तीचा आग्रह धरणारे सारेच विकासकांचे हस्तक आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांत भाड्याच्या बोजाखाली दबलेली तरुण पिढी आहे. जुन्या सुखवस्तू उपनगरांत वारशाच्या नावाखाली प्रत्येक नव्या इमारतीला होणारा विरोध हाही पुष्कळदा मालमत्तेचाच विरोध असतो, हे त्यांचे निदान खरे आहे. परंतु चार मजल्यांच्या जागी चौदा मजल्यांची परवानगी देणे म्हणजे जमीनमालकाला दहा मजले बहाल करणे होय. व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२३ पासून अशा आकस्मिक लाभावर कर बसविला असून मोठ्या लाभाचा निम्मा हिस्सा सरकारजमा होतो. हे पाऊल योग्य आहे. परंतु कर म्हणजे मालकी नव्हे. आणि उंचीवर देखरेख नसली तर काय होते, हे २०१८ च्या नाताळात तडे गेलेल्या ओपल टॉवरच्या आणि २०१९ साली घरे सोडावी लागलेल्या मॅस्कॉट टॉवर्सच्या रहिवाशांनी सिडनीत भोगले आहे.

वेगळी वाट याच देशात चोखाळली गेली होती. १९३६ साली स्थापन झालेल्या साउथ ऑस्ट्रेलियन हाउसिंग ट्रस्टने जमीन घेऊन भाड्याची व विक्रीची घरे बांधली, आणि तीही मुख्यतः एका पुराणमतवादी राजवटीत. पुढे या ट्रस्टचे उपाध्यक्ष झालेले ह्यू स्ट्रेटन यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात उपनगरांना नाक मुरडणाऱ्या बुद्धिवाद्यांना बजावले होते की, घर-परसू वाईट नाही, त्याची विषम वाटणी वाईट आहे. कॅनबेरा ही राजधानी तर सार्वजनिक मालकीच्या, भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरच वसली. व्हिटलम सरकारातील मंत्री टॉम युरेन यांनी राज्यांकरवी जमीन आयोग स्थापून भूखंड रास्त दराने देण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७४ साली सिडनीच्या मध्याजवळची ग्लीब येथील सुमारे सातशे घरे चर्चकडून विकत घेऊन भाडेकरूंना वाचविले. कडेला भूखंड आणि मध्याजवळ जुनी घरे, दोन्ही एकाच धोरणात बसली, कारण धोरणाचा पाया जमीन हा होता. १९७५ च्या नोव्हेंबरात ते सरकार बडतर्फ झाले आणि पाठोपाठ युरेन यांचे खातेही गुंडाळले गेले.

आता कसोटी मेलबर्नची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने शहरातील ४४ सरकारी मनोरे २०५१ पर्यंत पाडून पुन्हा बांधण्याचे जाहीर केले. तेथे सुमारे दहा हजार माणसे राहतात. त्याच जागी तीस हजारांची सोय करण्याचा संकल्प आहे, परंतु त्यांत खाजगी घरेही असणार आहेत. दाटवस्ती तिप्पट होईल यात शंका नाही. शंका आहे ती एवढीच की, आजचा रहिवासी त्या जागेवर परत येईल काय आणि पायाखालची जमीन लोकांच्या मालकीची राहील काय. मनोऱ्याची उंची मोजणाऱ्यांनी आधी सातबारा पाहण्याची सवय लावून घ्यावी. कारण लोकांच्या हातची मोक्याची जमीन एकदा विकली गेली की, पुढचे कोणतेही सरकार ती त्याच भावाने परत घेऊ शकत नाही.